काकींच्या म्हशीनं काय खाल्लं

मी भित्री आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढचं वाचून कोणाला वाटेल की बाई मोठी धाडसी. धाडसबिडस काही नाही. भोरला माहेरी दिवाळीत सगळे अंगणात फटाके उडवायचे तेव्हा मी आतल्या खोलीत कानात बोटं घालून बसायचे. आजही शाळेत शिपायानं येऊन "बाई, हेडसरांनी बोलावलंय" म्हटलं की माझे हातपाय गार पडतात. अशा बाईनं घरात चोरून बिअर करायला घेतली. का, याचं धड उत्तर मला आजही देता येत नाही.

तेव्हा मी मार्गासनीच्या पुढे एका गावात राहत होते. तिथल्या माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवायचे. नवरा नोकरीसाठी गुजरातेत, महिन्यातून एकदा यायचा. एका शेतकऱ्याच्या घराला लागून दोन खोल्या होत्या, त्या मी भाड्यानं घेतल्या होत्या. मालकीणबाईंना सगळं गाव काकी म्हणायचं, मीही म्हणायचे. काकी आणि काका दोघंच असायचे, मुलगा-सून पुण्यात. भाताची चार खाचरं आणि एक म्हैस. माझ्या मोरीचं पाणी त्यांच्या गोठ्यापुढून वाहायचं आणि त्यांच्या गोठ्यातल्या माश्या माझ्या स्वयंपाकघरात यायच्या. असा आमचा शेजार होता, आणि मला तो आवडायचा.

किण्वनाचा धडा मी वर्षानुवर्षं शिकवत आले होते. यीस्ट साखर खातं, त्यातून अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो. फळ्यावर लिहायचं, पुसायचं, पुढच्या वर्षी पुन्हा लिहायचं. एकदाही डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. मग एका वर्षी नवऱ्याबरोबर गोव्याला गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा बिअर प्याले. कडू लागली, आणि दुसऱ्या घोटाला आवडली. परत आल्यावर मोबाईलवर बघत बसले की ही करतात कशी. एक व्हिडिओ पाहिला, दुसरा पाहिला, आणि डिसेंबरात नसरापूरच्या किराणा दुकानात जाऊन दोन किलो जव मागितले.

परवान्याशिवाय घरी बिअर करणं कायद्यात बसत नाही, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तेव्हा अज्ञानाची सबब नाही. आणि कायदा राहू दे बाजूला, गावात या उद्योगाला एकच नाव होतं: दारू गाळणं. बाई दारू गाळतात. एवढे तीन शब्द एकदा एसटीच्या थांब्यावर बोलले गेले असते, तर दुसऱ्या दिवशी पालक शाळेच्या दारात आणि तिसऱ्या दिवशी मी घरी. माझ्या पगारावर आमचं अर्धं घर चालायचं, पण खरं सांगायचं तर भीती पगाराची नव्हती. वर्गात उभं राहिल्यावर पोरं माझ्याकडे कशी बघतील, याची होती.

तरीही केली. जव दोन दिवस भिजवले, मटकीला आणतो तसे मोड आणले, जुन्या सुती साडीवर वाळवले आणि मिक्सरमधून भरड काढली. मोठ्या कुकरमध्ये गरम पाण्यात ती भरड घालून कुकर गोधडीत गुंडाळून ठेवला. थर्मामीटर नव्हता. बोट बुडवून लगेच मागे घ्यावं लागलं म्हणजे ठीक, एवढाच हिशेब. तासाभरानं चाखलं तर रस गोड! साखरेचा कण न घालता गोड. त्या क्षणी जो आनंद झाला तो मी नाकारणार नाही. पंच्यातून रस गाळला आणि हॉप्स घालून उकळला. हॉप्स म्हणजे एका वेलीची कडू फुलं, त्यांच्या हिरव्या गोळ्या मिळतात, त्या कुरिअरनं मागवल्या होत्या. मग पाण्याच्या कॅनमध्ये रस ओतून यीस्ट घातलं आणि कॅनच्या तोंडावर टाचणीनं भोक पाडलेला फुगा बसवला. दुसऱ्या दिवशी सकाळी फुगा ताठ उभा. मी टाळ्या वाजवल्या आणि लगेच जाऊन दाराची कडी लागली आहे ना, ते पाहिलं.

गाळून उरतो तो चोथा. भिजलेल्या जवाची ओली भरड, वास भाकरीच्या पिठासारखा. ती मी उकिरड्यावर टाकायला निघाले, तर काकी अंगणात.

"आवं बाई, काय करता? ते टाकता कशापायी? म्हस खाईल की!"

त्या गावात धुवणाची रीत होती. तांदूळ धुतलेलं पाणी, भाजीची देठं, शिळं उरलेलं, हे ज्याच्याकडे जनावर नाही त्यानं शेजारच्या दुभत्या जनावराला द्यायचं. त्यासाठी प्रत्येकाच्या मागच्या दाराशी एक बादली असायची. म्हैस व्याली की चिकाचा पहिला तांब्या त्या शेजाऱ्याकडे यायचा. मी चार वर्षं माझं धुवण काकींनाच देत होते. तेव्हा चोथा उकिरड्यावर टाकणं म्हणजे त्यांच्या दृष्टीनं पाप होतं.

"कशाचं हाय ह्ये?"

"जवाचं."

"जव कशाला शिजवलं?"

माझ्या तोंडातून जे पहिलं आलं ते असं: "डॉक्टरांनी सांगितलंय. जवाचं पाणी प्यायचं. मुतखडा आहे मला."

काकींचा चेहरा एकदम मऊ झाला. त्यांनी चोथा घेतला, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या आळीला माझा मुतखडा समजला. कोणी कुळथाचं कढण आणून दिलं, कोणी पानफुटीची पानं आणली आणि माझ्यासमोर बसून चावायला लावली. एका आजोबांनी तर खडा कोणत्या बाजूला आहे ते विचारलं. मी डावी म्हणाले, आणि मग ते विसरायला नको म्हणून रोज मनात डावी, डावी घोकत शाळेत जायचे. नसलेल्या खड्यासाठी मी तो हिवाळाभर कढण प्याले. वाईट लागत नाही, पण प्रत्येक वाटीबरोबर मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

म्हशीला चोथा फार आवडला. दूधही वाढलं, निदान काकी तसं म्हणायच्या. "तुमचा खडा लवकर बरा हू नये, आसं वाटाय लागलंय बगा," असं म्हणून त्या हसायच्या. मीही हसायचे.

पहिली बिअर आंबट पावासारखी लागली होती. दुसरी बरी. तिसरी मी ग्लासात ओतली, वर पांढरा फेस आला आणि मी एकटी स्वयंपाकघरात उभी राहून ती प्याले. ते खूळ तिथेच थांबायला हवं होतं. पण ज्यानं हे केलंय त्याला माहीत असेल, बिअर बरी जमायला लागली की भांडी लहान वाटायला लागतात.

आधी थर्मामीटर आला. मग रसात साखर किती उरली ते मोजायची काचेची नळी हवीशी झाली. ती मिळेपर्यंत मी डेअरीवाले वापरतात तो लॅक्टोमीटर आणला. दुधातलं पाणी ज्यानं कळतं त्यानं माझ्या रसातली साखरही कळायची. ताज्या रसात तो वर तरंगायचा, आठवड्यानं खाली बसायचा. एकदा धुऊन खिडकीत ठेवला होता, तो काकांनी पाहिला. काका मितभाषी. तिसऱ्या दिवशी दुधाचा तांब्या देताना म्हणाले, "बाई, आमच्या दुधात पानी हाय का, आसं वाटतं का तुमाला?" मला धरणी दुभंगावी असं झालं. शाळेतल्या प्रयोगासाठी आणलाय, असं काहीतरी सांगितलं. खोटं बोलायची सवय लागली की ते पटापट सुचतं, हे मला तेव्हा कळलं.

उन्हाळ्यात पुण्याला जाऊन पस्तीस लिटरचं स्टीलचं पातेलं आणलं. एसटीत ते मांडीवर मावेना तेव्हा कंडक्टर म्हणाला, "बाई, घरात लगीन हाय व्हय?" नसरापूरच्या वेल्डरकडून त्याला खाली तोटी बसवून घेतली, त्यालाही लग्नाच्या चहाचंच सांगितलं. मग हवाबंद झाकणाचे दोन पांढरे ड्रम आले, त्यांना बुडबुडे सोडणारी नळी. मग बाटल्यांना बूच बसवायचं यंत्र. मग जुना फ्रीज, आणि त्याला तापमान धरून ठेवणारा डबा. जव भिजवणं बंद झालं, तयार मोड आणलेले आणि भाजलेले जव गोणीनं यायला लागले. पाच लिटर पलंगाखाली लपतं. चाळीस लिटर लपवायला आतली अख्खी खोली लागते, आणि त्या खोलीला मी पडदा लावला. दारावर टकटक झाली की आधी पडदा, मग पदर, मग दार, असा माझा क्रम ठरून गेला.

चोथाही वाढला. "येवढं पानी पिता व्हय?" काकींनी एकदा विचारलं. शाळेतल्या दुसऱ्या बाईंनाही देते, असं सांगितलं. त्या बाईंना माझ्यामुळे फुकट मुतखडा झाला.

गणपतीच्या आधी एक बाटली फुटली. रविवारची दुपार होती, काकी माझ्या उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होत्या आणि आतून बंदुकीसारखा आवाज आला. बाटल्या भरताना फेसासाठी घालतात ती साखर मी जास्त घातली होती. काकी ताडकन उठल्या, "शिलिंडर, बाई, शिलिंडर!" म्हणून मला ओढत अंगणात घेऊन गेल्या. लोणच्याची बरणी पडली असेल, असं म्हणत मी एकटी आत शिरले. भिंतीत काच रुतली होती. ती काच मी तासापूर्वी जिथे वाकून उभी होते तिथे, माझ्या गळ्याच्या उंचीवर होती. सगळं पुसून मोरीत ओतलं. संध्याकाळी काका म्हणाले, "मोरीतनं कसला तरी आंबूस वास येतोय." एवढंच म्हणाले. पण त्या दिवसापासून मोरीत काही ओतायची मला धास्ती बसली.

आता एक गोष्ट समजून घ्यायला हवी, कारण सगळं तिच्यावर आलं. बिअर तयार झाली की ड्रमच्या तळाशी जाड, करडा साका उरतो. तो म्हणजे जिवंत यीस्ट, आणि त्यात मुरलेली बिअर. हा साका मी आधी मोरीत सोडायचे. वासाचं झाल्यापासून तो टाकायचा कुठे, हा प्रश्न पडला. मी तो धुवणाच्या बादलीत चोथ्याखाली घालायला लागले. तीन-चार वेळा घातला, थोडाथोडा. म्हशीला काही झालं नाही. मी विज्ञान शिकवते. यीस्टला जव आणि ऊब मिळाली की काय होतं, हे मला येतं. तरी घातला, कारण मोरीपेक्षा म्हैस बरी वाटली. ती बोलणार नव्हती.

ऑक्टोबरचं ऊन होतं. भात कापणीला आलं होतं आणि म्हैस भरत आली होती, आठ-दहा दिवसांत विणार होती. काकींना रेडी हवी होती. शनिवारी मी दोन्ही ड्रम रिकामे केले आणि दोन नवे घाणे एकापाठोपाठ लावले. दोन मोठ्या बादल्या चोथा निघाला आणि दोन्ही ड्रमांचा साका. सोमवारपासून भोरला तीन दिवसांचं प्रशिक्षण होतं, त्यामुळे घरात काही ठेवायचं नव्हतं. सगळा साका चोथ्यात कालवला, बादल्या मागच्या दारी ठेवल्या आणि काकींना हाक मारून भोरला भावाकडे निघून गेले. लगेच संपवा, ठेवू नका, एवढं सांगायला हवं होतं. पण सांगितलं असतं तर त्या विचारणार, का वो? उकडलेले जव दोन दिवसांत असे काय होणार? म्हणून नाही सांगितलं.

काकींनी बादल्यांवर झाकण ठेवलं. पेंड पुरवतात तसा तो चोथा पुरवून घालायचा असा त्यांचा विचार. रविवार ते मंगळवार थोडं थोडं घातलं. बुधवारी दोघांना दिवसभर कापणीला जायचं होतं, जनावराजवळ कोणी नाही, तेव्हा विणारीचं पोट भरलेलं असावं म्हणून उरलेलं सगळं त्यांनी सकाळी आठला एकदम पुढ्यात ठेवलं.

बुधवारी प्रशिक्षण सकाळीच आटोपलं. मी एक वाजता भोरहून पोचले, तेव्हा गोठ्यापुढे गुरांच्या डॉक्टरांची मोटारसायकल उभी होती. म्हैस आडवी पडलेली. डावी कूस फुगून वर आली होती आणि ती कण्हत होती. जनावर असं कण्हतं, हे मला माहीत नव्हतं. आळीतल्या कोणीतरी हाक मारल्यावर काका-काकी कापणी सोडून धावत आले होते, काकांचा विळा अजून कमरेला होता. डॉक्टर तरुण होते, गुडघ्यावर बसून पोटाला कान लावत होते.

"काय काय खाल्लंय हिनं?" त्यांनी विचारलं.

"वैरन, आन बाईंचं जव. उकाडल्यालं. रोजचंच हाय, वरीस हूत आलं," काकी म्हणाल्या.

"शिळं होतं?"

"झाकून ठिवल्यालं व्हतं."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "नुसते जवच ना, बाई?"

त्या एका क्षणात मला शाळेचं फाटक दिसलं, फाटकातले पालक दिसले, हेडसर दिसले. काकींनी माझा हात धरला होता. "बाई, तुमी शिकल्याल्या," त्या म्हणाल्या, "काय करू ते तुमीच सांगा वो."

"नुसते जवच," मी म्हणाले.

डॉक्टरांनी पोटफुगीचं औषध पाजलं, एक इंजेक्शन दिलं. तासा-दोन तासात उतरलं नाही तर फोन करा म्हणाले आणि वेल्ह्याच्या बाजूला दुसऱ्या जनावराकडे गेले. मी घरात आले आणि दार लावलं. पडद्यामागे दोन्ही ड्रम शांतपणे बुडबुडे सोडत होते.

मी नवऱ्याला फोन लावला. त्यानं सगळं ऐकून घेतलं. "डॉक्टर आलाय ना? मग बघेल तो. तू एक शब्द बोलू नकोस. नोकरी गेली तर ती काय काकी परत देणार आहेत?" मला हायसं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटलं. मी हातपाय धुतले, चहा टाकला, तो न पिता ओतून दिला. भिंतीपलीकडून म्हैस कण्हत होती. थांबली की मला वाटायचं मेली. पुन्हा कण्हली की वाटायचं, देवा, थांबव आता. मी पडद्याआड जाऊन ड्रमांसमोर बसले आणि दोन्ही कानांत बोटं घातली. चाळिशी ओलांडलेली बाई, विज्ञानाची शिक्षिका.

साडेतीनच्या सुमारास काकींनी दार वाजवलं. "बाई, पोटातलं हलाय न्हाई. तुमी हात लावून बगा." मला घेऊनच गेल्या. माझा तळवा त्यांनी म्हशीच्या पोटावर उजव्या बाजूला, खाली दाबून धरला. कातडी गरम होती. काही हललं का, मला कळलं नाही. काकी माझ्या तोंडाकडे बघत होत्या, डॉक्टरच्या तोंडाकडे बघावं तशा.

डॉक्टरांचा नंबर गोठ्याच्या भिंतीवर कोळशानं लिहिलेला होता. तो पाठ करत मी रस्त्याच्या वळणापर्यंत पळत गेले, तिथून बोललेलं कोणाला ऐकू जाणार नव्हतं. फोनवर मी सगळं एका दमात सांगितलं. मी घरी बिअर करते, जवात बिअरचा साका होता, जिवंत यीस्ट होतं, अर्धी बादली तरी, आठ वाजता खाल्लंय. ते म्हणाले, "निघालो."

ते वीस मिनिटांत आले. म्हशीच्या तोंडातून जाड नळी पोटात उतरवली आणि त्या नळीतून जो वास बाहेर आला तो माझ्या आतल्या खोलीचा वास होता. काका नाक धरून मागे सरले. डॉक्टरांनी खायचा सोडा पाण्यात कालवून पाण्यावर पाणी पोटात सोडलं, शिरेत सलाईन लावलं. सलाईनची बाटली मी धरून उभी होते. कूस हळूहळू खाली आली. दिवस कलता कलता म्हशीनं मान उचलली.

"आंबलेलं पोटात गेलं होतं," डॉक्टर काकींना म्हणाले. "बाईंनी फोन करून सांगितलं म्हणून कळलं. नाहीतर गेली होती." बिअरचं नाव त्यांनी काढलं नाही. निघताना मी मोटारसायकलजवळ गेले. पोटातल्याचं काय, म्हणून विचारलं. "सांगता येत नाही," ते म्हणाले. एक वाजताच सांगितलं असतं तर, असं विचारायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. मला जे विचारायचं होतं ते त्यांना कळलं असावं, कारण त्यांनी किक मारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हैस व्याली. मेलेली रेडी.

काकांनी ती बांधाच्या कडेला पुरली. काकी आल्या आणि त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "तुमच्यामुळं म्हस तरी वाचली, बाई. उपकार झालं." मग त्या रडल्या आणि म्हणाल्या, "म्याच झाकून ठिवलं. झाकन काढल्याव वास आला व्हता मला. तरीबी घातलं. म्याच मारलं तिला." मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

आळीतल्या बायका भेटायला यायच्या आणि जाताना काकींना बोल लावून जायच्या. गाभन्या जनावराला शिळं घालतं का कोणी, एवढ्या वर्षांची मालकीण तू. काका काकींशी बोलत नव्हते. जेवायचे आणि खाचरात निघून जायचे. माझं मात्र नाव झालं होतं. बाई हुशार, बाईंनी ओळखलं. शाळेत एका पोरानं सगळ्यांदेखत सांगितलं की आमच्या बाईंनी म्हैस वाचवली, आणि वर्गानं टाळ्या वाजवल्या. मी फळ्याकडे तोंड करून उभी राहिले.

पाचव्या दिवशी दुपारी शाळेतून आल्यावर मी थेट गोठ्यात गेले. इतकी वर्षं मी कशाकशाला घाबरले, पण त्या पंधरा पावलांइतकी कधीच नाही. काकी म्हशीपुढे बसून ओला चारा सोडवत होत्या.

"काकी, मला मुतखडा नाही. मी घरात बिअर करते."

"म्हंजी दारू?"

"हो. तिचा गाळ मी त्या बादलीत घातला होता. तुमच्या झाकणानं काही झालं नाही. माझ्या गाळानं झालं."

त्यांचे हात थांबले. मी वाट बघत होते की त्या आता ओरडतील, काकांना बोलावतील, आळी जमेल. मनाची तयारी केली होती म्हणा, किंवा तेच बरं वाटलं असतं. त्यांनी चाऱ्यातली एक काडी घेतली आणि तिचे तुकडे करत बसल्या.

"दारूचं ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "डाक्टर पयल्यांदा आलं, तवा तुमी हितंच व्हता न्हवं?"

"हो."

"त्यांनी इचारलं तुमाला."

"हो."

"म्याबी इचारलं. हात धरला व्हता तुमचा."

"हो, काकी."

"तवा म्हाईत व्हतं तुमाला."

मी मान हलवली. त्या उठल्या, पदरानं हात पुसले आणि पुन्हा म्हशीपुढे चारा सारायला लागल्या. माझ्याकडे पाठ होती.

"कुनाला सांगनार न्हाई म्या," त्या म्हणाल्या. "तुमची नोकरी हाय. मालकाला पन न्हाई सांगायची. ते म्हनत्याल म्याच मारली, म्हनू द्या."

मी तिथेच उभी होते. जा म्हणाल्या असत्या तर गेले असते. चारा सारून झाला, शेण उचलून झालं, आणि मग त्या माझ्या बाजूनं, माझ्याकडे न बघता, आळीतल्या बायका ज्या ओट्यावर बसल्या होत्या तिकडे गेल्या. कोणीतरी काहीतरी बोललं. "व्हय गं," काकींचा आवाज मला गोठ्यात स्पष्ट ऐकू आला, "चुकलंच माझं."